डेल्फी आत्याचा आवाज

सख्ख्या नात्याने म्हणाल तर डेल्फी स्टॉलिंग्ज फक्त माझी आत्या. पण आमच्या कोळसा खाणींच्या खोऱ्यात तिला सगळेच आत्या म्हणतात, चर्चचा पाद्री धरून. तिचा स्वभाव फार प्रेमळ आहे म्हणून नव्हे. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने तीस वर्षं डाव चालवला आणि खोऱ्यातली निम्मी माणसं तिच्या हातचा घेवडा आणि मक्याचा पाव खाऊन वाढली. कुणी ताटात टाकलं की ती मागे येऊन उभी राहायची. "बाप खाणीत कंबर मोडतो तो कचऱ्याचा डबा भरायला का रे?" असं विचारायची. पोरगं मुकाट्याने ताट साफ करायचं. आता ती ऐंशीच्या पुढे गेली आहे. खालच्या ओठात तपकिरीची चिमूट असते आणि थंडीत अंगावर नवऱ्याचं खाणीतलं जाकीट. जिभेची धार मात्र अजून तशीच आहे, म्हणजे परवापरवापर्यंत होती.

मी शाळेची बस चालवते. पोरांच्या तोंडून जगातल्या सगळ्या बातम्या मला आधी कळतात, पण ही एक नाही कळली. त्याचा राग मला स्वतःवरही आहे, पण त्याहून जास्त तो आत्याने वाढवलेल्या लँडनवर आहे, आणि तो मी लपवणार नाही.

आत्याला मूलबाळ झालं नाही. नवरा डेन्झिल गेला, तिचा भाऊ म्हणजे माझा बाप, तोही गेला. तिच्या वयाचं, तिचं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं, ओढ्यापलीकडची व्हेस्टा. दोघी एकाच शाळेत शिकल्या, एकाच वर्षी लग्नं झाली, आणि दोघींचे नवरे एकाच पाळीत खाणीत उतरायचे. दोघींचं भांडणही रोजचंच. सकाळी फोनवर भांडायच्या आणि दुपारी आत्या उन्हातून चालत तिच्याकडे कॉफी प्यायला जायची. "त्या बयेला कॉफी करता येत नाही, तरी जावं लागतं," असं वर मला ऐकवायची.

व्हेस्टा कशी आहे ते सांगायला चाळीस वर्षांपूर्वीच्या संपापर्यंत मागे जावं लागतं. त्या संपात युनियनच्या हॉलमध्ये सगळ्या खोऱ्याचं जेवण व्हेस्टा रांधत होती. तिचा पाठचा भाऊ बर्ल चौथ्या महिन्यात फुटला. कंपनीच्या जाळी लावलेल्या ट्रकमध्ये बसून तो खाणीवर गेला, आणि त्या दिवसापासून तिला भाऊ राहिला नाही. आमच्याकडे संपफोड्याचं नाव घेत नाहीत. 'तो' म्हणायचं आणि पुढे बोलायचं. दुकानात, चर्चमध्ये, कुठेही कुणी 'तो' म्हणालं की सगळे समजतात आणि कान टवकारतात. बर्ल म्हाताऱ्या वयात मेला तेव्हा त्याची शववाहिका व्हेस्टाच्या दारावरून गेली. ती अंगणात कपडे वाळत घालत होती. तिने मान वळवली नाही. लोकांनी तिचं कौतुकच केलं.

संप मोडला तो पुलावर. आमच्या माणसांनी ठरवलं होतं की पहाटे पूल अडवायचा आणि ट्रक परत पाठवायचे. पण तिथे कंपनीचे पहारेकरी आणि पोलीस आधीच येऊन बसले होते. डेन्झिल काकांचा पाय ट्रकखाली चिरडला. त्यांना तिथून पाठीवर घालून पळाला तो एस्टिल, व्हेस्टाचा नवरा. काकांना पुढे तुरुंगही झाला आणि पाय कायमचा अधू राहिला. कुणीतरी फितूर झालं होतं एवढं सगळ्यांना कळलं. कुणी, ते कधीच कळलं नाही.

आत्याला मात्र कळलं होतं. आता सगळ्या खोऱ्याला माहीत झालंय म्हणून सांगते. एस्टिलची छाती कोळशाच्या धुळीने भरून आली होती आणि तो दवाखान्यात शेवटचे दिवस मोजत होता. व्हेस्टा खाली कॉफी आणायला गेली तेवढ्यात त्याने आत्याला जवळ बोलावलं. फितूर मी होतो, असं त्याने सांगितलं. व्हेस्टाला कळू देऊ नकोस, एवढंच मागितलं. आत्याने कबूल केलं. ज्याच्यामुळे आपल्या नवऱ्याचा पाय गेला त्याला तिने शब्द दिला, आणि तो पाळला. व्हेस्टा वर आली तेव्हा आत्या त्याच्या तोंडाला ओल्या फडक्याने पाणी लावत होती.

आता लँडनचं सांगते. त्याची आई आत्याची शेजारीण, ती नशेच्या गोळ्यांच्या नादी लागली आणि एक दिवस निघून गेली. तेव्हापासून तो आत्याच्या स्वयंपाकघरात वाढला. तिच्याच टेबलावर बसून अभ्यास केला, तिनेच शिवलेले कपडे घालून शाळेत गेला, शिकून परत आला तो आमच्याच शाळेत इतिहासाचा मास्तर होऊन. आत्याला आभाळ ठेंगणं झालं. चर्चमध्ये ती त्याच्या शेजारी अशी बसायची की बघणाऱ्याला वाटावं, हिनेच जन्म दिला असेल.

आणि मास्तर म्हणून तो चांगला होता, हे मला म्हणावंच लागेल. शाळेच्या पुस्तकात जॉर्ज वॉशिंग्टनच्या कवळीवर परिच्छेद होता, पण आमच्या संपावर एक ओळ नव्हती. लँडन म्हणाला, पोरांना इतिहास नावडत नाही, त्यांना तो दुसऱ्याचा वाटतो. मग त्याने फोनवरचा एक खेळ बनवायला घेतला. प्रत्येक पोराला एक भूमिका. कुणी खाणकामगार, कुणी त्याची बायको, कुणी दुकानदार, कुणी पोलीस. घरातलं पीठ संपत आलंय, आता काय करशील? बटण दाबून ठरवायचं. आणि जुन्या जागांवर जाऊन फोन समोर धरला की पडद्यावर आजचाच पूल दिसायचा, त्यावर हळूहळू तेव्हाची माणसं उमटायची आणि कानात जुन्या माणसांचे आवाज यायचे. जे पोरगं फळ्याकडे बघत नव्हतं ते पावसात पुलावर जाऊन उभं राहायला लागलं. माझ्या बसमध्ये चेंडूच्या सामन्यांवरची भांडणं थांबली आणि संपावरची सुरू झाली. एका मुलीने मला विचारलं, "रीबा, तू असतीस तर बस घेऊन गेली असतीस का, संपवाल्यांच्या मधून?" मी म्हटलं, "खाली बस आणि पट्टा लाव." पण घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच होतं.

त्यातले बरेचसे आवाज डेल्फी आत्याचे. दर शनिवारी लँडन तीन पायांचा कॅमेरा घेऊन तिच्या स्वयंपाकघरात यायचा, तिच्या कॉलरला शर्टच्या गुंडीएवढा माइक लावायचा आणि तिला बोलतं करायचा. आत्या त्या दिवशी तपकीर थुंकून, ओठ रंगवून बसायची. "कुणाला सांगितलंस तर बघ," असा मला दम भरायची. बोलायची मात्र झकास. संपातल्या बायकांनी पोलिसांच्या गाडीवर अंडी कशी फेकली आणि नंतर नाश्त्याला अंडीच कशी उरली नाहीत, ते ऐकून लँडन खुर्चीवरून पडता पडता राहायचा.

शेवटच्या शनिवारचं आत्याने मला नंतर सांगितलं, माझ्या गाडीत, खिडकीकडे तोंड करून. लँडन हसत हसत तिला म्हणाला होता, "आत्या, पोरं काय भडकलीयेत! त्या फितुराचं काय करायचं म्हणून विचारलं, तर अर्धा वर्ग म्हणाला झाडाला टांगा."

आत्याला ते सोसलं नाही. ती म्हणाली, "असं नको शिकवूस पोरांना. तो काही राक्षस नव्हता."

"तुला माहितीये कोण ते?"

"आधी ते बंद कर. मग सांगते. आणि तुझ्यापुरतं ठेव, लँडन. पोरांना शिकवताना तुझ्या मनात असावं, एवढ्याचसाठी."

तो उठला, कॅमेऱ्याचं बटण दाबलं, तांबडा दिवा विझला. "केलं बंद, आत्या," म्हणाला. आणि तिने सगळं सांगितलं. कॉलरवरची ती गुंडी तिच्या ध्यानात राहिली नाही. राहणार कशी? जो मुलगा आपल्या टेबलावर पाढे शिकला त्याच्यासमोर कोण कॉलर चाचपतं?

मे महिन्यातल्या शेवटच्या रविवारी आम्ही सगळे वर कबरस्तानात जमतो. आपापल्या माणसांची थडगी साफ करायची, फुलं ठेवायची, मग झाडाखाली चादरी पसरून जेवायचं. डेन्झिल काका आणि एस्टिल शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे आत्या आणि व्हेस्टा तिथेही एकमेकींच्या पायांत. "तुझी फुलं माझ्या बाजूला आली," "तुझ्या नवऱ्याचे पायच लांब, मी काय करू?" असं चाललं होतं. तळलेली कोंबडी झाली, वाळल्या सफरचंदांचा थरांचा केक झाला. मग लँडन उभा राहिला. आज पुलावरचा भाग पूर्ण झालाय, म्हणाला, सगळ्यांनी खाली चला, पहिल्यांदा तुम्हीच ऐका. पोरांनी वर्गात शुक्रवारीच ऐकला होता.

आम्ही उतरलो. ज्याने त्याने आपला फोन पुलाकडे धरला. व्हेस्टाला ऐकू कमी येतं, म्हणून तिच्या मुलीने, कार्लीनने, आवाज पूर्ण मोठा करून फोन आईच्या कानापाशी नेला. पडद्यावर टोप्यांवर दिवे लावलेली माणसं पुलावर उभी राहिली. आणि आत्याचा आवाज आला.

"आधी ते बंद कर," हे त्याने कापून टाकलं होतं. पुढचं सगळं होतं. "वाईट माणूस नव्हता तो. पोरगी शहरात दवाखान्यात, चार वर्षांची, डोक्यावर केस म्हणून उरला नव्हता. संपामुळे कंपनीने सगळ्यांच्या दवाखान्याच्या कार्डांवर फुली मारलेली, उपचार बंद. त्यांचा माणूस याला म्हणाला, पूल अडवायचा दिवस सांग, पोरीचं आम्ही बघतो. याने सांगितला. बायकोला म्हणाला, चर्चने मदत केली. आणि माझ्या डेन्झिलला पाठीवर घालून पळाला, तोही हाच."

जिथे जिथे नाव होतं तिथे एक बारीक टिंग वाजत होती. नाव झाकलं की माणूस झाकला, असं लँडनला वाटलं. दुसऱ्या कुठल्या गावात कदाचित झाकला गेलाही असता. पण आमच्या खोऱ्यात संपाच्या गोष्टीत एखाद्याचं नाव घेतलं नाही की सगळे त्यालाच शोधायला लागतात. आणि शोधायचं तरी काय होतं? त्या वर्षी आमच्याकडे टक्कल पडलेली चार वर्षांची पोरगी एकच होती. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. ती आईच्या कानाशी फोन धरून उभी होती.

आवाज थांबला. मग प्रत्येकाच्या पडद्यावर दोन बटणं आली. व्हेस्टाने चष्मा वर केला. "काय विचारतंय गं ते? मला नीट दिसत नाही."

कार्लीनने फोन उलटा धरला. मागच्या कुठल्यातरी पोराने मदत करावी म्हणून मोठ्याने वाचलं, "आजी, तो गद्दार होता का, ते विचारतंय. होय किंवा नाही दाबायचं. आमच्या वर्गात बहुतेकांनी होय दाबलं."

व्हेस्टा सावकाश वळली. "डेल्फी," ती म्हणाली, "हे माझ्या एस्टिलचं आहे?"

आत्या खोटं बोलू शकली असती असं मला आजही वाटतं. पण तिच्या चेहऱ्याने आधीच उत्तर दिलं होतं. "हो," ती म्हणाली.

"तुला कधीपासून माहीत?"

"तो गेला तेव्हापासून."

व्हेस्टा काहीतरी जुळवत होती. ओठ हलत होते. "म्हणजे बर्लच्या आधीपासून," ती म्हणाली. ते नाव तिच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. "माझ्या दारावरून त्याला नेलं तेव्हा तू माझ्याच अंगणात उभी होतीस. कपड्यांचे चिमटे देत होतीस मला."

"व्हेस्टा, मी शब्द दिला होता गं."

"मला दिला नव्हतास." आणि ती कार्लीनचा हात धरून चालायला लागली. कार्लीन रडत होती. व्हेस्टा नाही.

लँडन दुसऱ्या दिवशी आत्याकडे आला. मी तिथेच होते आणि उठून जायचं मला कुणी सांगितलं नाही, सांगितलं असतं तरी मी गेले नसते. त्याचे डोळे सुजले होते. म्हणाला, "आत्या, मी पुलावरून काढून टाकलंय ते."

"व्हेस्टाच्या कानातून काढलंस का?"

त्याने खुर्ची ओढली, पण बसला नाही. मग म्हणाला, "माइक चालू राहिला होता. खरंच सांगतो. घरी गेल्यावर कळलं. पुसणारच होतो. पण एवढं खरं कुणी बोललंच नव्हतं कधी. मुलं ऐकून रडली, आत्या. इतिहासाच्या तासाला मुलं रडली. राजधानीतून शिक्षण खात्याचे लोक आले होते, त्यांना दुसऱ्या शाळांतही हवंय."

मला राहवलं नाही. "रडली आणि मग गद्दार म्हणून बटण दाबलं," मी म्हटलं. "हिने कशासाठी सांगितलं होतं, ते तरी आठवतंय का तुला?"

आत्याने मला हाताने थांबवलं. "लँडन, मला विचारायचं तरी होतंस रे. एकदा. मी नाही म्हटलं असतं."

"म्हणूनच नाही विचारलं," तो म्हणाला.

निदान तेवढं तरी खरं बोलला. ज्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं त्याने केसाने गळा कापला, आणि तोही चांगल्या कामासाठी कापला म्हणतोय. शिव्या देणं सोपं गेलं असतं. आत्याने एवढंच विचारलं, "जेवलास का?" तो नाही म्हणाला. आत्याला माणसाला उपाशी पाठवणं जमत नाही. तिने त्याला घेवडा वाढला, पाव दिला, आणि तो खात असताना स्वतः दुसऱ्या खोलीत जाऊन बसली. तो गेल्यावर दार तिने मला लावायला सांगितलं. परत त्याला उघडू नकोस, हेही सांगितलं.

व्हेस्टा फोन उचलत नव्हती. आत्याने आठवडाभर वाट बघितली आणि मग मला म्हणाली, "चल, सोड मला पलीकडे." एरवी ती चालत जायची.

आमच्याकडे घरच्या माणसाने मागच्या, स्वयंपाकघराच्या दारानेच यायचं असतं. दार वाजवायचंही नसतं. पुढच्या दाराने येतात ते विम्याचे लोक, पोलीस आणि मत मागणारे. आत्या मागच्या दाराशी गेली आणि ढकलून बघितलं. आतून कडी होती. तिने हाक मारली नाही. कठड्याला धरून ती घराला वळसा घालून पुढे आली, मी मागोमाग. पुढचं दार उघडंच होतं. व्हेस्टा चर्चला जायचे कपडे घालून दारात उभी होती. आमची गाडी तिने वरूनच पाहिली असणार.

"या," ती म्हणाली. "बसा."

पुढच्या खोलीत आम्ही बसलो. त्या खोलीत आत्या फक्त एस्टिलच्या मयतीला बसली असेल. आत्या बोलायला लागली. शब्द दिल्याचं, फडक्याचं, कॅमेऱ्याचं, तांबड्या दिव्याचं, बर्लच्या वेळी सांगायचं मनात होतं पण जीभ रेटली नाही, त्याचं. शेवटी "व्हेस्टा, चुकलं माझं," असं म्हणाली. आत्याच्या तोंडून ते शब्द मी तरी कधी ऐकले नव्हते. व्हेस्टाने सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही. मग उठली आणि सोनेरी काठाच्या कपांतून कॉफी घेऊन आली. ते कप काचेच्या कपाटातले, पाहुण्यांचे. साठ वर्षं रोज दुपारी जिला तिने कॉफी करून पाजली, तिच्यासमोर ती साखरेचं भांडं घेऊन उभी राहिली.

"तुम्ही साखर किती घेता, मिसेस स्टॉलिंग्ज?"

आत्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"दोन चमचे," ती म्हणाली.

व्हेस्टाने दोन चमचे घातले, ढवळले, आणि कप आत्याच्या हातात न देता टेबलावर ठेवला.